शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी शेताला घ्यावं का?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर तालुक्याचं गाव. तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी आजवर ओढ्याला जायचं. आता ते उपसून पाइपलाइनने आमच्या शिवारात आणायचं घाटतंय. एकरी १८ हजार वर्गणी, पुढे वीजबिल वाटून. सही करायला पंधरा दिवस उरलेत.

माझं रान साडेचार एकर. अडीच एकर ऊस, एक एकर डाळिंब, उरलेल्यात कांदा आणि घरापुरती भाजी. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, मार्चपासून डाळिंब टँकरवर. अण्णांचं म्हणणं, "बारमाही पाणी बांधावर येतंय, कुठलं का असेना, घे." बायकोचं म्हणणं, उसाला घ्यायचं तर घे, पण कोथिंबिरीच्या वाफ्यात त्यातला थेंब गेला तर ती कोथिंबीर माझ्या घरात येणार नाही.

कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? पुस्तकी नको. म्हणजे पुस्तकीही चालेल, पण आधी अनुभव.

चहाबाज
आमचा फ्लश तुमच्या उसात, तुमची साखर आमच्या चहात. ही खरी चक्रवाढ.

उंबरठा
शी! हातात कप होता माझ्या.

काळीआई
शिवारफेरी, आमच्याकडे अकरा वर्षं असंच पाणी आहे. ओढ्यात मोटर टाकून घेतो. शुद्ध केलेलं म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं.

पहिली दोन वर्षं ऊस असा काळाभोर की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बेणं मागायचे. युरिया निम्म्यावर आणला तरी पान तरारलेलं. तिसऱ्या वर्षी कळलं की हा गडी नुसता वाढतोय, पिकत नाही. गणपतीतल्या पावसानं सगळा फड लोळला. तोडणीला टोळीनं खुशाली, म्हणजे मजुरीवरचे वरकड पैसे, दुप्पट मागितली, आणि लोळलेला ऊस बघून त्यांना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. वजन भरलं. साखरेचा उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, त्यामुळे पैशात फटका दिसला नाही. पण गावातला गुऱ्हाळवाला माझा ऊस घेत नाही आता. गूळ बसत नाही, चव खारट लागते म्हणतो.

दुसरं, दारं धरणाऱ्या गड्याच्या पायाला खाज. घोट्यापर्यंत लाल. पैसे वाढवले तरी दुसऱ्या वर्षी तो आला नाही.

तरी पाणी सोडणार का? नाही सोडणार. दुसरं आहे कुठे?

वाफसा
काळीआई, तुमचं कोडं पाटीवर सुटतं. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. पाटानं भरताना एका पाळीला तीन इंच धरा, ३ लाख लिटर. त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असेल (साध्या प्रक्रियेनंतर एवढं उरणं नवलाचं नाही) तर एका पाळीत ६ किलो नत्र आलं, म्हणजे १३ किलो युरिया. वर्षाला २५ पाळ्या दिल्या तर १५० किलो नत्र. आडसाली उसाला (दीड वर्षाचं पीक) राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो, एकरी १६०. म्हणजे पोतं न उसवताच जवळजवळ सगळा डोस पोचला, आणि तुम्ही वरून निम्मा युरिया टाकताय.

शिवाय आपण मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, नत्र देतो आणि हात आखडतो. हे पाणी हात आखडत नाही, तोडणीपर्यंत देतच राहतं. ऊस पिकेल कसा? शेवटचे दोन-तीन महिने विहिरीचं पाणी द्या, फरक दिसेल.

काळीआई
तेव्हाच तर विहिरीत पाणी नसतं हो.

वाफसा
तेही खरंच.

पाटकरी
नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून थोडं मोजमापाचं लिहितो.

या विषयावर महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी आणि बोलकी घटना पुण्याची. मुंढव्याला जॅकवेल बांधून नदीतलं प्रक्रिया केलेलं पाणी उचलायचं आणि जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोक ज्याला बेबी कॅनॉल म्हणतात त्यात सोडायचं. ते हवेली-दौंडकडच्या शेतीला द्यायचं, ठरलेला आकडा वर्षाला साडेसहा टीएमसी. बदल्यात शहराला खडकवासल्याचं धरणाचं पाणी. कागदावर व्यवहार चोख.

आता भागाकार करा. १ टीएमसी म्हणजे २८३२ कोटी लिटर. साडेसहा टीएमसी म्हणजे १८,४०० कोटी लिटर, दिवसाला ५० कोटी ४० लाख. आपल्या भाषेत ५०४ एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). शहराच्या जुन्या शुद्धीकरण केंद्रांची एकूण क्षमता किती? भैरोबा नाला १३०, नवं नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५, खराडी ४०, विठ्ठलवाडी ३२, बाणेर ३०, बोपोडी १८, तानाजीवाडी १७. बेरीज ४७७. जुन्या नायडूचे ९० धरले तर ५६७. म्हणजे करार पाळायचा तर सगळी केंद्रं वर्षाचे ३६५ दिवस जवळजवळ पूर्ण क्षमतेनं चालली पाहिजेत आणि त्यातला थेंब न थेंब मुंढव्याला पोचला पाहिजे. ज्यानं एक वर्ष जरी पंप चालवलाय त्याला यावर हसू येईल. पुढे जपानच्या जायका या मदत संस्थेच्या कर्जातून ३९६ एमएलडीच्या ११ नव्या केंद्रांची योजना आखली.

शिवारफेरी, तुमच्या केंद्राचेही दोन आकडे विचारा: क्षमता किती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया किती. शहरातून येणारं सांडपाणी क्षमतेपेक्षा जास्त असेल तर वरचं तसंच पुढे जातं, आणि ओढ्यात दोन्ही एक होतं.

मुक्काम_पोस्ट_टेल
पाटकरी साहेब, 'व्यवहार चोख' हे बाकी झोंबलं. धरण बांधताना जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या. धरणातलं गोडं पाणी शहरानं प्यायचं, गाड्या धुवायच्या, आणि ते उतरलेलं आम्हाला द्यायचं, वर म्हणायचं पाणी परत केलं! शेजाऱ्यानं वाटीभर दूध नेलं आणि ताक आणून दिलं, तर त्याला परतफेड म्हणतात का?

पाटकरी
म्हणून तर 'कागदावर' लिहिलं. तुमचा राग रास्त आहे. एकच जोडतो. धरणाचं पाणी आवर्तनानं येतं, सांडपाणी रोज येतं. शहर दिवाळीलाही अंघोळ करतं आणि श्रावणातही. पिकाला श्रावणात पाणी नको असतं, एप्रिलमध्ये दुप्पट हवं असतं. मधे साठवायला तळं नसेल तर पावसाळाभर ते पाणी नदीलाच जाणार. तेव्हा शिवारफेरी, योजनेत साठवण तलाव आहे का तेही बघा.

चहाबाज
टेलसाहेब, ताक तरी पचायला हलकं असतं.

पेट्रीडिश
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, शिवारफेरींच्या मिसेसच्या बाजूनं लिहिते.

पाणी स्वच्छ 'दिसणं' आणि सुरक्षित असणं यांचा फारसा संबंध नाही. केंद्रात मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करतात, तिचं माप बीओडी. तो २० च्या आत आला म्हणून जंतू गेले असं होत नाही. त्यासाठी शेवटी क्लोरीन किंवा अतिनील दिवे लागतात, आणि खर्च कापायचा झाला की पहिली कात्री तिथेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी मर्यादा दिली होती: १०० मिलीलिटरमध्ये विष्ठेतले कॉलिफॉर्म १००० पर्यंत आणि लिटरमागे जंताचं अंडं एकापेक्षा जास्त नाही. जंताची अंडी चिवट असतात, क्लोरीनला भीक घालत नाहीत. गाळण किंवा तळ्यात निवळू देणं हाच उपाय.

पण २००६ च्या मार्गदर्शनात त्यांनी विचार बदलला. सगळा भार केंद्रावर टाकू नका, वाटेत अडथळे उभे करा. ठिबकनं दिलं आणि फळ जमिनीपासून उंच असेल तर जंतू दहा हजार पटींनी कमी पोचतात. काढणीआधी काही दिवस पाणी तोडलं की उन्हानं मरतात. साल काढून खाल्लं तर आणखी शंभर पट कमी. डाळिंब या सगळ्या परीक्षांत पास. कोथिंबीर सगळ्यांत नापास: जमिनीलगत, पानंच पानं, आणि वरून कच्ची भुरभुरायची.

तेव्हा वहिनी बरोबर आहेत.

चहाबाज
आणि रसवंतीचा ऊस? तो तर कच्चाच पितो आपण.

पेट्रीडिश
बारीक विचारलंत. आत मुळावाटे जंतू गेल्याची भीती मी धरणार नाही. पण बुडख्याला चिखल लागलेला ऊस न धुता चरकात घातला तर तो चिखल तुमच्या ग्लासात. मी चरकापेक्षा बर्फाला जास्त घाबरते, तो वेगळा धागा.

आजोबा१९४४
आमच्या लहानपणी गावाबाहेर सोनखताचे खड्डे असत. मळेवाले पैसे मोजून नेत. वांगी काय येत म्हणता! आजकालच्या पोरांना सगळ्याचीच किळस.

चवदार
आजोबा, वयाचा मान राखून लिहितो. ते 'सोनं' पाट्यांतून डोक्यावर कुणी वाहिलं, हेही त्याच वाक्यात लिहा. माझ्या पणजीनं वाहिलंय. वांगी आमच्या वाट्याला नव्हती. आजही मलवाहिनीत गुदमरून मेलेल्यांची बातमी येते तेव्हा मरणारा कोण असतो हे आपण सगळे जाणतो. पाणी पाइपातून, यंत्रातून येतंय याचा मला आनंदच आहे. किळस कुणाला परवडते आणि कुणाला नाही, एवढंच.

आजोबा१९४४
चवदार, बरोबर बोललात. माझ्या डोक्यात वांगी होती, माणूस नव्हता.

विकासपुरुष
इस्रायलनं वाळवंटात करून दाखवलं, ९० टक्के सांडपाणी शेतीला वापरतात. आपल्याकडे नुसती चर्चा. शिस्तच नाही लोकांना.

अलिबाग_ते_अश्दोद
शालोम आणि नमस्कार. आमचे आजोबा अलिबागजवळचे, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरी अजून मराठी बोलतो, त्यामुळे वाचल्यावर राहवलं नाही.

९० टक्क्यांच्या आसपास हा आकडा खरा आहे. पण विकासपुरुष, ही शिस्त जन्मजात नव्हती हो. १९७० मध्ये जेरुसलेममध्ये कॉलरा झाला. कारण शोधलं तेव्हा सांडपाण्यावर पिकवलेल्या सॅलडच्या भाज्या निघाल्या. मार खाऊन शिकलेली शिस्त आहे ती.

आता तेल अवीव परिसराचं पाणी शफदान केंद्रात शुद्ध करून वाळूच्या मोठाल्या खाचरांत सोडतात. वाळूतून ते खाली झिरपतं, कित्येक महिन्यांनी विहिरींतून पुन्हा उपसतात आणि नेगेवच्या वाळवंटाकडे पाठवतात. म्हणजे शेवटची गाळणी जमीनच. बाकी ठिकाणचं पाणी इतकं चांगलं नसतं, तिथे पिकाप्रमाणे परवाना लागतो, पेट्रीडिशताईंनी सांगितले तेच अडथळे मोजून. पाइप जांभळे, म्हणजे चुकून कुणी नळ समजून तोंड लावू नये.

आणि रडगाणंही ऐका. जंतू गेले तरी मीठ जात नाही. वर्षानुवर्षं या पाण्यावर ठेवलेल्या ॲव्होकॅडो आणि संत्र्याच्या बागा भारी जमिनीत कुरकुरायला लागल्या. धुण्याच्या पावडरीतलं बोरॉन पिकाला बाधायला लागलं म्हणून सरकारनं पावडरीवरच बंधन आणलं. शेतातला रोग धोब्याकडे जाऊन बरा करावा लागला!

विकासपुरुष
कॉलऱ्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

उंबरठा
या धाग्यावर कुणीतरी 'माहीत नव्हतं' म्हणालं! वाचनखूण साठवली.

नम्मामराठी
बंगळूरहून. आमच्या शहराचं दुय्यम प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून कोरमंगल-चल्लघट्टा योजनेतून कोलारला जातं, पण थेट शेताला नाही. एकामागून एक तलाव भरतात, ते झिरपतं, आणि शेतकरी बोअरमधून उपसतात. सुरुवातीलाच एका तलावात पांढरा फेस आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मग पाणी पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करा ही मागणी अजून आहे. पण ज्या कोलारला बोअर हजार फुटांखाली गेल्याच्या गोष्टी सांगायचे, तिथे माझ्या सासऱ्यांची आटलेली बोअर परत चालली. ते टोमॅटो लावतात. टोमॅटो बंगळूरला येतो. चहाबाजांची चक्रवाढ तिथेही आहे.

संत्रानगरी
आमच्या नागपुरात भाऊ, भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, १३० एमएलडीची योजना होती सुरुवातीला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे की ५० किलोमीटरच्या आत शुद्धीकरण केंद्र असेल तर औष्णिक वीज केंद्रानं तेच पाणी घ्यावं. कारखाना गिऱ्हाईक असला की पाण्याची तपासणी आपोआप होते, कारण खराब पाण्यानं त्याच्या नळ्या खराब होतात अन् तो पैसे अडवतो. शेतकऱ्यानं काय अडवायचं? म्हणून करारात लिहून घ्या: दर महिन्याला तपासणी, अहवाल चावडीवर, अन् आकडा चुकला तर वीजबिल माफ.

वाफसा
संत्रानगरींना +१. शिवारफेरी, वर्गणीआधी तपासणी करा. केंद्राच्या तोंडाचं पाणी आणि तुमच्या विहिरीचं, दोन्ही. ईसी (एकूण क्षारांचं माप), एसएआर (सोडियमचं प्रमाण), क्लोराइड, बोरॉन, नत्र, आणि जंतूंसाठी वेगळा नमुना.

कडू_कारलं
तपासणी वगैरे ठीक. तोवर शेजारी मोटर टाकून मोकळा होतो.

(नऊ दिवसांनी)

शिवारफेरी
मंडळी, उशीर झाला, माफी असावी. सांगितलं ते केलं.

पहिला नमुना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून नेला, तर प्रयोगशाळेतल्या बाईंनी हातसुद्धा लावला नाही. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच न्यायची, भरली की बर्फात, आणि त्याच दिवशी परत. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा डबा मागून आणला. केंद्रावरचा माणूस भला होता. क्लोरीनच्या टाकीजवळ उभं राहून म्हणाला, "भाऊ, नमुना उद्या घ्या ना, उद्या सिलिंडर येणारेय." मी म्हटलं, मग आजचाच देतो.

निकाल: केंद्राच्या पाण्याचा ईसी १.९, कॉलिफॉर्म ४६००, बोरॉन ठीक, नत्र १८. आणि आता धक्का. माझ्या विहिरीचा ईसी २.४! ज्या पाण्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेती केली ते मिठाच्या बाबतीत शहराच्या गटारापेक्षा वाईट. अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मशीन बिघडलं असेल."

वाफसा
मशीन बिघडलेलं नाही. ऊसपट्ट्यात हे घरोघरी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सिंचनाची मर्यादा २२५० मायक्रोम्हो, म्हणजे तुमच्या अहवालातल्या मापानं २.२५. विहीर नापास, गटार पास.

पण पास झालं म्हणून सुटलात असं नाही. ईसी १.९ म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार. तीन इंचाच्या एका पाळीत, ३ लाख लिटरमधून, एकरात साडेतीनशे किलोच्या वर क्षार उतरले. सगळं काही खायचं मीठ नव्हे, पण वजन तेवढंच. ते पिकानं उचललं नाही तर जातं कुठे? निचरा असेल तर खाली, नसेल तर मार्चमध्ये सरीच्या माथ्यावर पांढरं फुटतं. तुमची जमीन कसली?

शिवारफेरी
वरची डाळिंबाची मुरमाड. उसाची काळी, भारी. खालच्या कोपऱ्यात पांढरं फुटतं, खरंय. आम्ही म्हणायचो जमीन म्हातारी झाली.

वाफसा
मग पाणी आणायच्या आधी त्या अडीच एकरात निचऱ्याचे चर काढा. वर्गणीइतकाच तो खर्च महत्त्वाचा. डाळिंबाला मुरमाडावर बिनधास्त ठिबकनं द्या, वाळूची गाळणी लावून, नाहीतर महिन्याभरात ड्रिपर शेवाळानं बसतील. कांदा या पाण्यावर नको, क्षाराला फार नाजूक.

पेट्रीडिश
आणि ४६०० वर भाजी तर नाहीच. सिलिंडर आल्यावर पुन्हा एक नमुना घ्या, न सांगता. शेतात पाय उघडे ठेवू नका कुणाचे, गमबूट सगळ्यांना. जंताचं औषध घरातल्यांना आणि गड्याला, डॉक्टरांना विचारून.

काळीआई
गमबुटाचं मला अकरा वर्षांत सुचलं नाही. त्या गड्याला फोन करतो.

शिवारफेरी
ठरलं ते सांगतो. साडेतीनच एकराची सही केली. ऊस आणि डाळिंब. कांद्याचं आणि भाजीचं एक एकर बाहेर ठेवलं, तिथे कांदा सोडून ज्वारी, भाजीला घरच्या टाकीचं पाणी. संत्रानगरींचं कलम बैठकीत वाचलं. मासिक तपासणी मान्य झाली, वीजबिल माफी नाही. साठवण तलाव 'पुढच्या टप्प्यात' आहे, म्हणजे पाटकरी साहेबांना कळलंच असेल.

गमबुटाचे चार जोड आणले. अण्णा घालायला तयार नाहीत. म्हणाले, मातीला पाय लागल्याशिवाय वाफसा कळत नाही.

वाफसा
यात माझं नाव आलं म्हणून नाही, पण त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

पेट्रीडिश
नातवाला सांगायला लावा.

शिवारफेरी
लावलं. घातले. उजवा डाव्यात आहे, पण घातले.